दीड लिटरची खोली

आजोबा मोरीत पाय घसरून पडतात. डोकं नळाच्या कठड्याला लागतं, टेंगूळ येतं, त्यावर हळद लागते आणि दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे पेपर वाचत बसतात. तीनेक आठवड्यांनी घरच्यांच्या लक्षात येऊ लागतं की त्यांचा डावा पाय ओढल्यासारखा पडतो, हातातला कप कलंडतो, दुपारी जेवल्याचं विसरून ते पुन्हा ताट मागतात. ‘वय झालं आता’ म्हणण्यात आणखी एक आठवडा जातो. मग एका सकाळी हलवूनही ते नीट जागे होत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराचा एक थर दिसतो. ते असतं साचून जुनं झालेलं रक्त.

मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या कुठल्याही वॉर्डात ही गोष्ट नाव-गाव बदलून सतत येत असते. डॉक्टरांच्या भाषेत ती ‘क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा’. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो. त्याला बाहेरच्या जाड आवरणाशी जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि एरवी कोणी विसरून जाईल असा धक्काही त्यातली एखादी फाडायला पुरतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ते आणखी सहज घडतं. न्यूरोसर्जन कवटीला एक-दोन भोकं पाडतो, जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट द्रव बाहेर येतं, आतली पोकळी सलाइनने धुतली जाते. बरेच रुग्ण एक-दोन दिवसांत माणसं ओळखू लागतात, पाय उचलू लागतात. आजोबांच्या मेंदूत काही बिघडलेलं नव्हतं. त्याला जागा पुरत नव्हती.

कवटीला गॅलरी नसते

न्यूरोसर्जनकडे येणाऱ्या बहुतेक आजारांच्या मुळाशी हेच जागेचं भांडण असतं. प्रौढ माणसाच्या कवटीत साधारण दीड लिटर जागा असते आणि तिथे तीन बिऱ्हाडं नांदतात: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती फिरणारं पाणी. ढोबळ हिशेबाने दहातले आठ हिस्से मेंदूचे, एक रक्ताचा, एक पाण्याचा. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाहुणे आले तर पोरांची अंथरुणं गॅलरीत पडतात. कवटीला गॅलरी नसते. तिथे एकाने हातपाय पसरले की दुसऱ्याला अंग चोरावंच लागतं. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा हिशेब आजही त्या दोघांच्या नावाने शिकवला जातो.

जागा कमी पडू लागली की आधी पाणी खाली पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं. तोवर रुग्णाला फार काही जाणवत नाही. ही सोय संपली की मात्र दाब झपाट्याने चढतो. सकाळी उठताना वाढलेली डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं आणि मग गुंगी, अशी त्याची पावलं असतात. कवटीच्या तळाशी एक मोठं भोक आहे, त्यातून मेंदूची देठासारखी बाजू कण्यात उतरते आणि श्वासाची सूत्रं तिथेच असतात. वरून दाबलेला मेंदू त्या भोकाकडे रेटला गेला तर श्वास थांबतो. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर टॉर्च घेऊन पुन्हा पुन्हा डोळ्यांच्या बाहुल्या पाहतो तो याच भीतीने. एका बाजूची बाहुली मोठी होऊन उजेडाला दाद देईनाशी झाली, तर आतलं भांडण शेवटच्या टोकाला आलेलं असतं.

बोलता बोलता

आजोबांच्या डोक्यातलं रक्त शिरेतून झिरपत होतं, म्हणून आठवडे मिळाले. धमनी फुटली तर तास मोजावे लागतात. मार्च २००९ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात मों त्रांब्लां इथे नवशिक्यांच्या बर्फाळ उतारावर स्कीइंग शिकताना पडल्या. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्या उठल्या, हसल्या, बोलल्या, आणि बोलावलेली रुग्णवाहिका परत गेली. थोड्या वेळाने डोकं दुखू लागलं. दोन दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्या ४५ वर्षांच्या होत्या. कानाच्या वरच्या बाजूला कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला तर ती फाटते आणि हाड व आवरण यांच्यामध्ये रक्ताची गुठळी धरू लागते. मधला काळ रुग्ण शुद्धीवर असतो, घरचे ‘काही झालं नाही’ म्हणून निर्धास्त होतात. वेळेत कवटी उघडून गुठळी काढली तर असे रुग्ण पूर्ववत कामावर जातात. म्हणून डोक्याला मार लागल्यावर क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल किंवा झोप अनावर येत असेल, तर ‘झोपू दे, आराम पडेल’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

महाराष्ट्रातल्या मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत रात्री येणाऱ्या अशा रुग्णांत दुचाकीवरून पडलेली तरुण पोरं खूप असतात. त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूलाच सूज चढते, काढून टाकावी अशी एखादी गुठळी सापडत नाही. औषधांनी सूज आवरली नाही, तर सर्जन खोलीचं छप्परच उतरवतो. कवटीचा तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा तुकडा कापून बाजूला काढतात आणि सुजलेल्या मेंदूला बाहेरच्या बाजूने फुगायला जागा देतात. तुकडा फेकत नाहीत. काही ठिकाणी तो शीतपेटीत ठेवतात, पण आपल्याकडे बऱ्याचदा तो रुग्णाच्याच पोटावरच्या कातडीखाली शिवून ठेवला जातो. तिथे तो निर्जंतुक राहतो, हरवत नाही आणि त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, पोटातून काढून तो पुन्हा डोक्याला बसवतात.

पाणी आणि दोन बाप

खोलीतलं तिसरं बिऱ्हाड पाण्याचं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, पण एका वेळी डोक्यात आणि कण्यात मिळून असतं जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे तीन-चार वेळा ते रोज बदलतं. तयार झालेलं पाणी वाहत जाऊन रक्तात मिसळलं पाहिजे. वाट तुंबली की पोकळ्या फुगतात. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात, त्यामुळे खोलीच ताणली जाते आणि डोकं वाढत राहतं. आपल्याकडे याला ‘डोक्यात पाणी झालं’ म्हणतात. वैद्यकीय नाव हायड्रोसेफॅलस.

उपाय सुचायला सोपा आहे: एक नळी घालून जादा पाणी दुसरीकडे सोडायचं. अडचण होती ती झडपेची. दाब वाढला की उघडेल, कमी झाला की मिटेल आणि उलटं काही आत येऊ देणार नाही, अशी झडप हवी होती. नोव्हेंबर १९५५ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ जॉन होल्टर यांना मुलगा झाला. त्याच्या पाठीवर जन्मजात फट होती आणि पुढे डोक्यात पाणी साचू लागलं. होल्टर कुलुपं बनवणाऱ्या येल अँड टाउन कंपनीत तंत्रज्ञ होते. सर्जन युजीन स्पिट्झ यांच्याकडून नेमकी अडचण समजून घेऊन त्यांनी घरीच खटपट सुरू केली आणि काही महिन्यांत, १९५६ मध्ये, सिलिकॉनची झडप तयार झाली. मुलगा पुढे पाच वर्षांचा होऊन गेला. झडप जगभर गेली.

दुसरा बाप वाचकांच्या ओळखीचा आहे. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ लिहिणारे रोआल्ड डाल. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या, थिओच्या, बाबागाडीला टॅक्सीने उडवलं. डोक्यात पाणी साचू लागलं, बसवलेली नळी वरचेवर तुंबू लागली आणि दर वेळी पोराच्या दृष्टीवर बेतायचं. डाल यांनी खेळण्यातल्या विमानांची इंजिनं बनवण्यात वाकबगार असलेल्या स्टॅन्ली वेड यांना आणि लंडनच्या मुलांच्या रुग्णालयातले न्यूरोसर्जन केनेथ टिल यांना एकत्र बसवलं. तिघांची झडप तयार झाली तोवर थिओला तिची गरज उरली नव्हती. ती इतर हजारो मुलांच्या उपयोगी पडली.

भारतात अशी परदेशी झडप सामान्य घराला परवडणारी नव्हती. लखनौचे न्यूरोसर्जन डी. के. छाबरा यांच्या नावाची स्वस्त झडप उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला बनू लागली. अमेरिकन सर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातल्या मुलांमध्ये तिची एका महागड्या परदेशी झडपेशी तुलना केली. २००५ मध्ये निकाल आला: किमतीत अनेक पटींचा फरक, मुलांच्या तब्येतीत फरक नाही. वॉर्फ यांनी तिथे दुर्बिणीने मेंदूच्या पोकळीच्या तळाला भोक पाडून पाण्याला आतल्या आतच दुसरी वाट करून देण्याची पद्धतही रुजवली. त्यात नळीच लागत नाही.

पाठीवर फट घेऊन जन्मणाऱ्या बाळांबाबत एक गोष्ट सर्जनच्या सुरीपेक्षा फार स्वस्त आहे. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल होऊ देण्याचं ठरवल्यापासूनच रोज घ्यावी लागते. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर डॉक्टर जास्त मात्रा देतात.

गाठ म्हटली की

‘डोक्यात गाठ आहे’ हे वाक्य ऐकल्यावर नातेवाइकांना पुढचं काही ऐकू येत नाही. पण गाठीगाठींत फार अंतर असतं. मेंदूच्या आवरणातून उगवणारा मेनिंजिओमा बायकांमध्ये जास्त आढळतो, वर्षानुवर्षं सावकाश वाढतो आणि बहुतेकदा कर्करोग नसतो. पूर्ण काढता आला तर माणूस त्यातून मोकळा होतो. पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकाच्या मागच्या बाजूला असते, म्हणून ती दुर्बीण घालून नाकातूनच काढतात, कवटी उघडावी लागत नाही. अशी एक गाठ वाढीचं संप्रेरक जास्त सोडते. तिचा पहिला पुरावा कधी कधी चपलेत असतो: चाळिशीत पायाचं माप वाढतं, अंगठी बोटात जाईनाशी होते. ग्लिओब्लास्टोमा मात्र मेंदूच्या पेशींत मुळ्यांसारखा पसरतो. दिसेल तेवढा काढून, किरणं आणि औषधं देऊनही त्यातलं आयुष्य साधारण वर्ष-दीड वर्षांत मोजावं लागतं.

भारतात आणखी दोन शक्यता असतात. फिट आल्यावर काढलेल्या स्कॅनमध्ये दिसणारा ठिपका क्षयाचा असू शकतो किंवा डुकराच्या मांसातल्या टेपवर्मच्या अळीचा. ‘आम्ही तर माळकरी’ असं सांगणाऱ्या घरातही दुसरी शक्यता उरतेच, कारण या कृमीची अंडी न धुतलेल्या पालेभाजीतून आणि अस्वच्छ हातांतून पोटात जातात. या दोन्ही आजारांत बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, औषधं पुरतात. ऑपरेशनच्या तयारीने आलेल्या माणसाला गोळ्या लिहून परत पाठवणं हाही न्यूरोसर्जनच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

गाठ काढण्याचं शास्त्र उभं केलं ते अमेरिकेचे हार्वी कुशिंग यांनी. त्यांच्या आधी कवटी उघडणं म्हणजे बहुधा मरणच. त्यांनी दोन हजारांहून अधिक गाठींवर शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचं प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात आणलं. रक्तस्राव हा त्यांचा मोठा शत्रू. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनमध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बोव्ही यांचं विजेने रक्तवाहिन्या जाळून बंद करणारं यंत्र पहिल्यांदा वापरलं. काही दिवसांपूर्वी रक्त थांबेना म्हणून अर्धवट सोडलेली गाठ त्या दिवशी निघाली. आज ते यंत्र प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये असतं.

गाठ नेमकी कुठे आहे हे मात्र अंदाजानेच ठरे. कण्यातून हवा भरून एक्स-रे काढायचा आणि पोकळ्या कुठे ढकलल्या गेल्या ते पाहायचं, अशी पद्धत होती. रुग्ण दोन-दोन दिवस डोकं धरून पडून राही. योगायोग असा की बोव्हीच्या यंत्रानंतर बरोबर ४५ वर्षांनी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ कवटी न उघडता दिसली. यंत्र बनवणारे गॉडफ्री हाऊन्सफील्ड ईएमआय कंपनीत इंजिनिअर होते. भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याचं चित्र मिरवणाऱ्या एचएमव्हीच्या ज्या तबकड्यांवर मराठी घरांनी भावगीतं ऐकली, त्या याच कंपनीच्या छत्राखालच्या. हाऊन्सफील्ड यांना १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

दाढ काढून झाल्यावर

एखाद्याला गालात विजेसारखी कळ येते, दात घासताना, घास चावताना, वारा लागला तरी. दाताचा डॉक्टर एक दाढ काढतो, मग दुसरी, कळ तशीच राहते. चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकून सतत धडधडत असते, हे त्याचं बहुतेकदा कारण. औषधं अपुरी पडली तर सर्जन कानामागून एका नाण्याएवढी खिडकी करून वाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा छोटा बोळा ठेवतो. इथेही भांडण जागेचंच, फक्त मिलिमीटरभर.

कंपवाताचं तसं नाही. तिथे मेंदूतल्या काही केंद्रांची लय बिघडलेली असते. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबीद यांनी १९८७ मध्ये दाखवलं की खोल बसवलेल्या तारेतून जलद विद्युतस्पंदनं दिली की हाताचा कंप थांबतो. छातीच्या कातडीखाली बॅटरी आणि मेंदूत तार, अशी ही शस्त्रक्रिया आता मुंबई-पुण्यातही होते. अनेकदा ती रुग्ण जागा असताना करतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, कातडी बधिर केली की पुरतं. तार योग्य जागी पोचली की टेबलावरच हात स्थिर होतो.

मानेपासून खाली

नावात मेंदू असला तरी न्यूरोसर्जनच्या ओपीडीत मोठी रांग पाठ आणि मान धरून बसलेल्यांची असते. कण्याची नळीही एक अरुंद खोलीच. दोन मणक्यांमधली गादी सरकते, नसेवर टेकते, कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते. सरकलेल्या गादीचा हा त्रास बहुतेकांना काही आठवड्यांत औषधं आणि व्यायामाने कमी होतो. पण लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं. कण्याच्या क्षयाचेही रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचा मुख्य इलाज औषधंच.

मानेचा पहिला आणि दुसरा मणका यांच्यातला सांधा निसटला तर मज्जारज्जू चेपून चारही हातपाय लुळे पडू शकतात. हे सांधे स्क्रू आणि पट्टीने जागच्या जागी धरून ठेवण्याची पद्धत परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये तिचा पुढचा अवतार मांडला. आता जगभरचे सर्जन तिला ‘गोयल-हार्म्स’ या जोडनावाने ओळखतात.

बारा वर्षं आणि तीन प्रश्न

मेंदूविकाराचे औषधांनी उपचार करणारा तो न्यूरोलॉजिस्ट, ज्याला आपल्याकडे न्यूरोफिजिशियनही म्हणतात. तो मेडिसिनच्या वाटेने येतो, न्यूरोसर्जन सर्जरीच्या. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं जनरल सर्जरीत एमएस, मग तीन वर्षं एमसीएच. दोन्ही टप्प्यांवर देशभरची प्रवेश परीक्षा. काही संस्थांत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बॉण्डची सेवा आणि त्यानंतर कण्याचं, लहान मुलांचं किंवा रक्तवाहिन्यांचं विशेष शिक्षण धरलं, तर बारावी झालेलं पोर स्वतंत्रपणे कवटी उघडतं तेव्हा तिशी उलटलेली असते.

ही घराणी गायकीसारखीच गुरूकडून शिष्याकडे गेली. कुशिंग यांच्या हाताखाली काही काळ शिकलेले वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३४ मध्ये माँट्रियलला संस्था उभी केली. तिथे शिकून परतलेले केरळचे जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. पुढच्याच वर्षी मद्रासला बी. राममूर्ती उभे राहिले. १९५१ मध्ये या दोघांनी एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग यांच्यासह न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. चौघांपैकी दोघे सर्जन, दोघे औषधवाले.

या शिक्षणात सर्वांत जास्त वेळा केली जाणारी तपासणी मात्र बिनखर्चाची आहे. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ग्लासगोत तिचं मोजमाप ठरवलं. डोळे उघडतो का, काय बोलतो, सांगितल्यावर हात हलवतो का? डोळ्यांना चार, बोलण्याला पाच, हालचालीला सहा. सगळं ठीक तर १५, काहीच नाही तर ३, आणि ८ किंवा खाली म्हणजे कोमा. मुंबईत हे प्रश्न विचारायला निवासी डॉक्टरला मराठी, हिंदी आणि थोडी भोजपुरी तरी यावी लागते. बिहारहून आलेल्या रंगाऱ्याने मराठी प्रश्नाला उत्तर दिलं नाही म्हणून त्याचे गुण कापता येत नाहीत.

भोकं पाडून दुसऱ्या दिवशी सकाळी असाच एक तरुण डॉक्टर आजोबांच्या खाटेशी उभा राहतो. “आजोबा, नाव सांगा बरं तुमचं. आत्ता कुठे आहात? साल कोणतं?” आजोबा नाव सांगतात, रुग्णालय सांगतात, साल सांगतात. मग डोक्यावरच्या पट्टीवरून हात फिरवत विचारतात, “तुमचं आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं?”

डॉक्टर गाव सांगतो आणि बोलण्याच्या रकान्यात ५ लिहितो.